कळपाच्या कडेने

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून करता येत नाही, कंबर धरलीय. तेवढं समजून घे.

माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही. काम आहे म्हणून लिहितोय, उगाच आडपडदा ठेवत नाही.

बंदरावरच्या श्वानपथकात सहा वर्षं माझ्याकडे एकच कुत्रा आहे. कागदोपत्री त्याचं नाव 'नऊ नंबर'. मी त्याला नुसतं 'ए' म्हणतो आणि तो येतो. जहाजातून उतरलेल्या पेट्या हुंगायच्या, हे त्याचं काम. पेटीत नको ते असलं तर भुंकत नाही. खाली बसतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. आता आठ वर्षांचा झाला. मार्चमध्ये त्याला निवृत्त करतायत. कुत्रा त्याच्या हँडलरला, म्हणजे मलाच मिळतो, पण अंगण असेल तर. माझी क्वार्टरमधली एक खोली, तीही तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे जनावराला बंदी. कोणी घेतलं नाही तर गावाबाहेरच्या निवाऱ्यात पिंजरा. मी तो बघून आलोय. ताई, तिथे सगळे एकदम भुंकतात आणि कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही.

तुझ्या घराला अंगण आहे, चारी बाजूंनी भिंत आहे.

तू घाबरतेस हे मला माहीत आहे. पण कुत्र्याकुत्र्यांत फरक असतो. हा जर्मन शेफर्ड. नाव काढलं की लोकांना पोलीस आठवतात. मुळात हा मेंढपाळाचा नोकर. चावणं हे त्याचं काम नव्हतंच, सांभाळणं होतं. पोलिसांनी त्याला फार नंतर भरती केलं. डिसेंबरात मीही निवृत्त होतोय, मग काय ते बघू. तोवर ठेवशील का?

धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

हे जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत तुझी दोन पत्रं. एक हे गेले तेव्हा, चार ओळींचं. दुसरं तुझा पत्ता बदलला म्हणून. आता तिसरं आलं ते कुत्र्यासाठी. मी पाकीट फोडताना हात पुसून खुर्चीत बसले होते, म्हटलं धाकट्याला आठवण झाली वाटतं.

नाही जमणार. कारण तुला ठाऊक आहे. नऊ वर्षांची असताना बेकरीच्या मागच्या बोळात त्या कुत्रीने माझी पोटरी धरली होती. टाके पडले, पोटात सुया घ्याव्या लागल्या. आजही समोरून कुत्रं आलं की मी रस्ता ओलांडते, मग पलीकडे मला काही काम असो नसो. कोणत्या जातीचं, कुठल्या देशाचं, हे मी त्याला थांबवून विचारत बसत नाही. तुझा तो मेंढपाळाचा नोकर असेल, पण मी काही मेंढपाळ नाही. मी पुस्तकं बांधणारी बाई. घरात कागद, पुठ्ठे, खळीचं पातेलं, हे दाबयंत्र, ती सुरी. त्यात ते धूड कुठे फिरवू?

शिवाय जीव लावायचा आणि मग तू डिसेंबरात घेऊन जायचं. मला असले उधारीचे जीव नकोत.

कंबरेला गरम पाण्याची पिशवी घे. जेवतोस ना वेळेवर?

ताई

ता.क. भुंकत नाही म्हणजे अजिबातच नाही का? शेजारच्या बाईंचा तो पांढरा झुबका दिवसभर भुंकतो, म्हणून विचारलं.


१६ फेब्रुवारी

ताई,

भुंकतो, पण कारण असल्याशिवाय नाही. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा.

तुझा नकार मला पटला. एका गोदामवाल्याने त्याला मागितलंय, फाटकापाशी साखळीला बांधायला. दोनचार दिवसांत साहेब सही करतील. मी तुला गळ घालत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती सांगतो. मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.

बोळातली ती कुत्री पिसाळलेली नव्हती. तिला नुकतीच पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक मी उचलून शर्टात घातलं होतं. ती माझ्यावर आली. तू मध्ये उभी राहिलीस. तुझी पोटरी तिच्या तोंडात असताना ते पिल्लू माझ्या पोटाशी वळवळत होतं. तुला उचलून नेलं, मग मी ते परत ठेवून आलो. घरी सगळे म्हणाले, कुत्र्याच्या जातीवर विश्वास नाही. मी गप्प बसलो. सहा वर्षांचा होतो. नंतर मोठा झालो तरी गप्पच बसलो.

कुत्र्यांच्या नोकरीत मी का शिरलो असं लोक विचारतात. मी म्हणतो, भरती निघाली होती.

धाकटा


२० फेब्रुवारी

बावन्न वर्षं मी त्या बिचारीला शिव्या घातल्या.

आण त्याला. घरात पाऊल ठेवायचं नाही, अंगणात राहील. मी त्याला हात लावणार नाही. खाणं कसं द्यायचं ते तू दाखवून जा.

साखळीचं त्या गोदामवाल्याला काय ते कळव.

ताई


६ मार्च

धाकट्या,

तू गेलास त्याला चार दिवस झाले. खरं सांगू का, तो मला घाबरवत नाही, पण बेचैन करतो. सकाळी उठल्यापासून भिंतीच्या कडेकडेने चालतो. फाटकापासून मागच्या नळापर्यंत, नळापासून पुन्हा फाटकापर्यंत. माझ्या गवताची पार वाट लागली, पायवाट पडलीय. मी खिडकीतून बोलते त्याच्याशी. म्हणते, "अरे बाबा, बस की जरा." तो थांबतो, माझ्याकडे बघतो, आणि पुन्हा चालू लागतो. परीक्षेच्या वर्गात मास्तर फिरतात ना, हात मागे बांधून, अगदी तसा. कधीकधी मलाच वाटतं की मी कॉपी करतेय.

पळायची जागा शोधतोय का? तुला शोधतोय का? ताटली लांब काठीने पुढे सरकवते, मी आत गेले की खातो. मी बघत असले तर खात नाही.

तू पोचल्याचं कळवलं नाहीस.

ताई


१२ मार्च

ताई,

पळायची जागा शोधत नाहीये. त्याला पळायचं असतं तर तुझी ती भिंत एका उडीची आहे.

तो काय करतोय ते सांगतो. या जातीचे मूळ पुरुष जिथे राबले तिथे शेतांना कुंपणं नव्हती. इकडे उभं पीक, तिकडे चरणाऱ्या मेंढ्या, आणि मध्ये कुत्रा. दिवसभर त्या रेघेवरून ये-जा करायची. मेंढी पिकाकडे वळली की अंगावर जाऊन आत ढकलायची, दात न लावता. म्हणजे हा चालतं कुंपण आहे. दुसरे मेंढीकुत्रे आहेत, काळेपांढरे, ते एका जागी दबून बसतात आणि नुसत्या डोळ्यांनी मेंढ्या हाकतात. याचं काम पायांचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका घोडदळातल्या अधिकाऱ्याने असा एक कुत्रा पाहिला, त्याच्यावरून ही जात बांधली. नोकऱ्या बदलल्या, पाय बदलले नाहीत.

तेव्हा तो तुझ्या अंगणाची हद्द सांभाळतोय. आत जे काही आहे ते त्याचा कळप. आत तू आहेस.

ताटली काठीने सरकवू नकोस. खाली ठेव आणि पाठ करून उभी राहा. एका माणसाला धरून राहणारी ही जात, दुसऱ्याला धरायला वेळ घेते. मागच्या पायांना रोज दोन मिनिटं चोळायचं, ते पुढे कधीतरी.

पोचलो.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

एकसष्टाव्या वर्षी मेंढी झाले! शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या हसून हसून पायरीवर बसल्या.

तुझ्या कुत्र्याचं नाव मी मास्तर ठेवलंय. 'नऊ नंबर' काय, बस आहे का ती? आणि मास्तरांनी परवा प्रताप केला. मी खळ शिजवून पातेलं गार करायला मागच्या पायरीवर ठेवलं होतं. फोन वाजला म्हणून आत गेले, बाहेर येते तर पातेलं लख्ख. खालचं तांबं चमकत होतं. आणि हे महाशय भिंतीकडे तोंड करून बसलेले, मिशीला खळ. मी ओरडले, तर कान मागे पाडून असे काही आले माझ्याकडे की मी पातेलं खाली ठेवलं. माझ्या गुडघ्याला डोकं लावून उभा राहिला. मी हात लावला. कपाळ केवढं मऊ असतं रे त्यांचं, तू कधी बोलला नाहीस.

खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते यात नव्हतं, घाबरू नकोस. पण गव्हाच्या पिठाने काही होतं का?

दुसरी गंमत म्हणजे वाचनालयाकडून कुत्र्यांच्या जातींचा एक जाडजूड ग्रंथ बांधायला आलाय. शिवण उसवून फर्मे, म्हणजे पानांच्या जुड्या, सुटे केलेत, आणि शिवायचं सोडून वाचत बसते. बाईंचा पांढरा झुबका आहे ना, त्याचे पूर्वज म्हणे बर्फातल्या घसरगाड्या ओढायचे आणि अंगाने चांगले दांडगे होते. राजवाड्यातल्या कोणाला तरी छोटे आवडले म्हणून छोटे करत गेले. बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तरीच! त्याला अजून कोणी कळवलंच नाही तो लहान झाल्याचं."

आपले बाबा कुठल्या जातीचे असतील?

ताई


१० एप्रिल

ताई,

पिठाने काही होत नाही. फार तर पोट बांधलं जाईल. ते पुस्तकासारखंच झालं म्हणायचं.

बाबा? मला विचारशील तर टेरिअर. अंगाने छोटे, तांबूस, सगळ्या जगाशी वाद. बिळातला उंदीर दिसला की आख्खी बाग खणून काढायची, पण उंदीर सोडायचा नाही. पाणीपट्टीच्या कचेरीशी त्यांनी सात वर्षं भांडण केलं ते आठवतंय ना? आई लॅब्रॅडॉर. हे कुत्रे थंड समुद्रावरच्या कोळ्यांकडे होते, बर्फासारख्या पाण्यात उडी टाकून जाळ्याची दोरी दातांत धरून किनाऱ्याला आणायचे. मासा निसटला तर तोही धरून आणायचे, न चावता. दुसऱ्याचं ओझं तोंडात धरून आणलं की त्यांना बरं वाटतं, आणि वर शेपूट हलवतात. आईचं तसंच होतं.

भाऊजी ग्रेहाउंड होते. लोकांना वाटतं तो कायम धावत असतो. तो दिवसभर कोचावर झोपतो. धावतो ते फक्त अर्धा मिनिट, पण तेव्हा त्याच्यापुढे कोणी नसतं.

मेच्या अखेरीस दोन दिवस रजा आहे. येऊन जाईन म्हणतो. त्याचे पायही बघून होतील.

धाकटा


९ जून

धाकट्या,

हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं.

तू आलास तेव्हा मास्तरांनी जो आकांत केला तो तू पाहिलासच. आठ वर्षांचा घोडा पिल्लासारखा लोळला. दोन दिवस तुमचं काय ते चाललं होतं, मीही बघून सुखावले. पुढचं तू पाहिलं नाहीस. तू गेल्यावर तो फाटकाशी बसला तो बसलाच. चालणं बंद. पहिल्या दिवशी म्हटलं होईल ठीक. नऊ दिवस तो जेवला नाही, धाकट्या. नऊ. पाणी मी हाताने पाजलं. अंगणात फाटकाशी खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसून राहिले, वाचनालयाची कामं परत केली. डॉक्टर आले, म्हणाले शरीरात काही नाही. दहाव्या दिवशी उठला, नळापर्यंत गेला, परत आला आणि ताटलीत तोंड घातलं. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

म्हणून लिहिते. राग मानू नकोस. तू येऊ नकोस. तुला बघून त्याला जो आनंद होतो, त्याच्या दुप्पट तो नंतर मोजतो. हे पुन्हा त्याला झेपणार नाही. मलाही नाही.

डिसेंबरात घेऊन जायचं म्हणत होतास. तेव्हाचं तेव्हा बघू.

ताई


१७ जून

ताई,

बरोबर आहे तुझं. येणार नाही.

चूक माझी. हे मला कळायला हवं होतं. बीगल असता तर दुसऱ्या दिवशी मला विसरून कोणाच्या तरी पिशवीचा वास काढत गेला असता. त्या जाती टोळीने शिकार करायच्या, त्यांना शेजारी कोणीतरी असलं की पुरतं. याला एकच माणूस लागतो. आता ते माणूस तू आहेस, तेच राहा.

डिसेंबरातही नेणार नाही. तो तुझा. कागद माझ्या नावावर होता, तो साहेबांकडून तुझ्या नावावर करून घेतलाय, सोबत जोडलाय. पत्राने कळवत जा म्हणजे झालं. काय खाल्लं, किती चालला, एवढं पुरे.

धाकटा


१५ सप्टेंबर

धाकट्या,

कागद मिळाला तेव्हाच लिहायला हवं होतं. पेटीत जपून ठेवलाय.

मास्तर आता घरात असतो. कसा आला विचारू नकोस, मीच बोलावलं. दाबयंत्राच्या टेबलाखाली त्याची जागा. मी फर्मे शिवत असते, सुईला दोरा ओढला की त्याचा एक कान हलतो. दुसरा झोपलेला असतो. बुधवारी बांधलेली पुस्तकं वाचनालयात पोचवायला जाते तेव्हा बरोबर येतो. ग्रंथपालबाई पहिल्यांदा खुर्चीवर चढल्या. आता त्याच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवतात. रस्त्यात लोक थांबतात. "केवढा झाला?" "काय जात?" मी म्हणते, "मेंढपाळाचा नोकर." सहा वर्षं मी त्याच रस्त्याने जातेय, धाकट्या. कोणी कधी थांबलं नव्हतं.

तो ग्रंथ बांधून दिला. शेवटच्या फर्म्यात एक ठिपक्याठिपक्यांचा होता, घोडागाडीच्या बरोबरीने मैलोन्‌मैल धावणारा. गाड्या गेल्या, तरी त्याला म्हणे कोणाच्या तरी बाजूने धावल्याशिवाय चैन पडत नाही. हल्ली तो घराघरांत सामान फाडतो आणि लोक त्याला वेडा म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटलं. पुस्तकात त्या धावण्याच्या जागी दुसरं काय करायचं ते लिहिलेलं नाही.

मास्तरचा मागचा डावा पाय पायरी चढताना घसरतो. चोळते रोज. आणखी काय करू? आणि हिवाळ्यात त्याला खाली चटई पुरेल की गादी?

तू एकटा काय खातोस, ते कधीच लिहीत नाहीस.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

गादी. आणि फरशी घसरडी असेल तिथे जुनी सतरंजी टाक, पायरीला फळी लावून उतार कर. या जातीचं कंबरेचं हाड पिढ्यान्‌पिढ्या बिघडत आलंय. प्रदर्शनात पाठ उतरती दिसावी म्हणून लोकांनी तशीच जोडी जमवली, आणि भोगतात कुत्रे. वजन वाढू देऊ नकोस. खळ बंद.

माझी ३१ डिसेंबर ठरली. क्वार्टर सोडावी लागेल. बंदराच्या मागच्या बाजूला एक खोली पाहिलीय, खिडकी आहे, खाली चहाची टपरी. पथकातली मंडळी जवळच असतात, येणं-जाणं राहील. माझी काळजी नको.

त्याच्या नाकाचा ओलावा कसा आहे ते पुढच्या पत्रात लिही.

धाकटा


१२ जानेवारी

धाकट्या,

निवृत्तीनंतर खोलीत स्थिरावला असशील. मास्तर मजेत आहे. फळी लावून घेतली सुताराकडून, त्यावरून छान चढतो. खातो व्यवस्थित. नाकाचा ओलावा चांगला आहे. थंडी पडलीय पण गादीवर आरामात झोपतो. बुधवारी वाचनालयात गेलो होतो, सगळ्यांनी लाड केले. काळजीचं काही नाही.

तू असाच लिहीत राहा.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं वीस तारखेचं पत्र मिळालं. मास्तर ठीक आहे. परवा शेजारच्या झुबक्याशी खेळला. भिंतीच्या कडेने चालतो पहिल्यासारखा. खाणंपिणं नीट. बाकी सगळं पहिल्यासारखंच.

तुझ्या उत्तराची वाट बघते.

ताई


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझी शेवटची दोन पत्रं समोर ठेवून बसलोय.

आमच्या पथकात चौतीस वर्षं काढली. निवृत्त कुत्रे नेलेल्या माणसांची पत्रं मीच वाचायचो, उत्तरं मीच द्यायचो. ज्याच्या घरात जिवंत कुत्रा असतो त्याच्या पत्रात कायम एक प्रश्न असतो. हे खाल्लं तर चालेल का. शिंकतोय, काय करू. गादी की चटई. तुझ्या या दोन पत्रांत एकही प्रश्न नाही.

कधी गेला?

एक मीही लपवलंय. नोव्हेंबरात मी आलो होतो. फाटकाशी नाही. वारा तुझ्या घराकडून कपड्याच्या इस्त्रीवाल्याकडे वाहत होता, म्हणून त्याच्या दुकानाआड उभा राहिलो. त्या बाजूने माझा वास त्याला लागला नसता. तू अंगणात पुठ्ठे वाळत घालत होतीस आणि त्याच्याशी बोलत होतीस. काय ते ऐकू आलं नाही. त्याने मध्येच तुझ्या हाताखाली डोकं घातलं आणि तू न बघताच त्याचा कान धरलास. मी पुढच्या बसने परत आलो. मला वाटलं, दोघं ठीक आहेत, आपण मध्ये जायला नको.

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

एकोणीस डिसेंबर. सकाळी अकराचा सुमार. मी टेबलाशी शिवत होते. तो उठून माझ्याकडे आला आणि मध्येच बसला. मला वाटलं पाय घसरला. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. शेजारच्या बाईंनी गाडी काढली, तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून मागच्या सीटवर होता. डॉक्टरांच्या दारात पोचलो तेव्हा गेलेला होता. पोटात गाठ होती म्हणाले, आतल्या आत फुटली. या जातीत होतं, बाहेरून कळत नाही. तुमची काही चूक नाही म्हणाले. सगळे डॉक्टर तसंच म्हणतात.

अंगणात, नळाच्या बाजूला पुरलाय. खड्डा खणायला इस्त्रीवाला आला होता.

तुला का नाही कळवलं ते विचारशील. तू निवृत्त होत होतास, तेव्हा नको म्हटलं; हे पहिलं कारण, आणि ते खोटं आहे. खरं हे की तुझी सगळी पत्रं मास्तरसाठी होती. तो गेल्याचं कळवलं की तू चार ओळी लिहिशील, हे गेले तेव्हा लिहिल्या होत्यास तशा, आणि मग सहा वर्षं काही नाही. मी वर्षभर पोस्टमनची वाट बघायला शिकले होते. ते सुटेना. म्हणून मेलेल्या कुत्र्याला फळीवरून चढवत राहिले, त्याच्या नाकाचा ओलावा लिहिला. लिहिताना असं वाटायचं की मी बोळातल्या त्या कुत्रीचं पिल्लू शर्टात लपवून बसलेय.

आणि मीच तुला लिहिलं होतं, येऊ नकोस. दुकानाआड उभा राहिलास रे तू. वारा बघून.

मी तेव्हा त्याला म्हणत होते, "पुठ्ठ्यावर पाय देऊ नकोस, मास्तर." दुसरं काही नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. काल खाली टपरीवर एक चहा घेतला आणि टपरीवाल्याला सांगितलं, माझा कुत्रा गेला. तो म्हणाला, तुमच्याकडे कुत्रा होता का? त्यावरून कळलं की दोन महिने मी इथे कोणाशी काही बोललोच नाहीये. पथकातली मंडळी येतात असं लिहिलं होतं. कोणी येत नाही. त्यांना त्यांची कामं आहेत.

तू जे लिहिलंस त्यातलं एक अक्षरही मला खोडता येत नाही. मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. पुन्हापुन्हा तू विचारलंयस. कंबर कशी आहे, जेवतोस का, एकटा काय खातोस. एकाचंही उत्तर मी दिलेलं नाही. आणि मी काय विचारलं? त्याचे पाय, त्याचं खाणं, त्याचं नाक. तुझ्याबद्दल वर्षभरात एक प्रश्न नाही. दुसऱ्या कोणी असं पत्र लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, या माणसाला बहीण नसावी.

तेव्हा आता विचारतो, उशिरा का होईना. तुला झोप लागते का? जेवतेस का वेळेवर, की उभ्याउभ्या काहीतरी? वाचनालयाची कामं चालू आहेत का? बुधवारी त्या रस्त्याने एकटी जातेस तेव्हा लोक थांबतात का अजून? पोटरी थंडीत दुखते का? भाऊजी गेले तेव्हा तू कशी होतीस? ते मी तेव्हा विचारायचं होतं.

आणि शेवटचं. या वेळी माझ्याबरोबर कुत्रा नाही आणि तिथेही नाही. नुसता मी आलो तर चालेल का?

धाकटा


२ मार्च

धाकट्या,

झोप लागत नाही. जेवते उभ्यानेच. वाचनालयाची कामं घेतली आहेत, पण सुई हातात धरून बसते आणि तासभर जातो. बुधवारी लोक थांबतात, आणि मास्तर कुठे विचारतात, मग मी त्यांनाच धीर देते. पोटरी नाही, डावा गुडघा दुखतो. हे गेले तेव्हा मी कशी होते ते पत्रात मावणार नाही. आलास की सांगेन, तुला बसून ऐकावं लागेल, मध्येच उठून जायचं नाही.

गुरुवारची सकाळची बस पकड. ती इथे सव्वादोनला येते. किती दिवसांसाठी येतोस ते कळवू नकोस, मला तो आकडा आधीपासून मोजायचा नाहीये. कपडे सगळे आण. खोलीची किल्ली घरमालकाला द्यायची की नाही, ते तुझं तू ठरव.

थांबा बदललाय, आता इस्त्रीवाल्याच्या पुढे. तू उतरशील तेव्हा मी तिथे उभी असेन.

ताई